कमलआत्याचा आवाज आणि विहारातली कॅसेट

जय भीम. इतकी माणसं जमलात. आत्याच्या खोलीत कधी चार माणसं एकदम आली नव्हती. मी तिचा भाचा, सुभाष. कधी नाशिक, कधी सुरत, काम मिळेल तिथे फिरतोय. बोलायला उभं केलंत, तर बोलतो.

आत्या पूर्वी या विहारात दर रविवारी वंदना सांगायची. ओळ तिने म्हणायची, मागून आपण. मग तिचा आवाज तुटायला लागला. कुणी गळा दाबल्यासारखा शब्द मध्येच अडकायचा. केबिन रोडचा दुकानदार विचारायचा, "माँजी, रोती क्यों हो?" आत्या म्हणायची, "रडत नाही रे, साखर मागतेय." त्याच्याकडे खारी मात्र झकास मिळायची... असो, भरकटलो.

तुम्ही म्हणालात, "ताई, बसा, त्रास नको." आणि कुणाच्या तरी लग्नात भरलेली तिची जुनी कॅसेट लावलीत. प्रेमानेच लावलीत. आत्या स्वतःच्याच आवाजामागे ओठ हलवत बसायची.

मी तिला मुंबईच्या हॉस्पिटलात नेलं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्राचे स्नायू आखडतात, मानेतून इंजेक्शन देऊन सैल करू. गुण तीन-चार महिने, मग पुन्हा घ्यायचं. आत्या म्हणाली, "म्हणजे आवाज भाड्याने!" इंजेक्शन घेतल्यावर आधी नुसती कुजबुज, पाणी पितानाही ठसका. मग एका सकाळी हाक आली, "सुभ्या, ऊठ!" अख्खी, न तुटता. मी मुद्दाम उठलो नाही. अजून दोनदा ऐकली.

त्या रविवारी ती विहाराच्या अध्यक्षकाकांना म्हणाली, "आज मी सांगते." काका म्हणाले, "ताई, कॅसेटमध्ये तुमचाच तर आवाज आहे! किती खणखणीत!" आत्या हसून बसली. घरी आल्यावर मला विचारलं, "मी जिवंत आहे ना रे?"

पुढे एकदा वंदना चालू असताना वीज गेली. टेप थांबला. आत्याने पुढची ओळ उचलली. आवाज बारीक होता, त्यात वारा जास्त होता, पण तो त्या दिवसाचा होता. तुम्ही मागून म्हणालात. आठवतंय? मग वीज आली. बटण दाबलेलंच होतं. दोन आत्या एकदम. तुम्ही सगळे मोठ्या आवाजामागे गेलात. आत्याने तोंड मिटलं.

परत तिने कधी "मी सांगते" म्हटलं नाही. इंजेक्शन मात्र घेत राहिली. कुणाशी बोलायला? घोडबंदरच्या बसमध्ये बसायची, शेजारच्या अनोळखी बाईशी बोलायची, आणि त्याच बसने परत यायची.

परवा ती झोपेतच गेली. या आठवड्यात तिचा आवाज चांगला होता. तिची वंदना सांगायची राहिली होती.

त्या टेबलावर टेप ठेवलाय, दिसतोय मला. आज तो लावू नका. आधी थोडा वेळ गप्प उभे राहू. मग ओळ कुणीतरी तोंडाने सांगा. कुणीच पुढे आलं नाही, तर मी सांगतो. मला वंदना अर्धीच येते. जिथे अडकेन तिथून तुम्ही उचला.

आत्या, जय भीम. उभे राहूया.