अठ्ठावन्न

तोटीला हात लावू नका. बघायचं तर लांबून बघा. ती उघडली की सगळ्या गोदामाच्या पाइपांतली हवा सुटते, आणि मग पाइप पुन्हा कोरडे करायला दोन दिवस मला राबावं लागतं, तुम्हाला नाही. आणि मुळात तुम्ही इकडे मागे आलातच कशा? तपासणीच्या मॅडमची जागा पुढे आहे, झडपेपाशी. सुपरवायझरने सकाळपासून खुर्ची पुसून ठेवलीय तुमच्यासाठी, चहा मागवलाय — तिथे बसायचं, मी इथे टोकाला तोटी उघडणार, मोजणार, पाणी आलं की आकडा ओरडून सांगणार, तो लिहून घेणार, तुम्ही सही करणार, झालं. चार वर्षं असंच चाललंय, कोणाचं काही अडलं नाही. त्या खोक्यावर बसू नका, त्यात गाद्यांची आवरणं आहेत. उभ्याच राहा.

आणि पाइपात काय असतं ते मला समजावू नका. झाडूवाली दिसले म्हणून बालवाडी भरवायला आलात? हवा असते पाइपात. पाणी नसतं. इथे थंडीत बादलीतलं पाणी सकाळी दगड होतं, पाइपात पाणी ठेवलं तर पाइपच फाटेल, म्हणून पाणी पुढे झडपेच्या पलीकडे थांबवायचं आणि अलीकडे हवा दाबून भरायची. हवेच्या दाबाने झडप मिटलेली. आग लागली की वरच्या फवाऱ्याची ती काचेची कुपी आहे ना, ती बोटाएवढी, लाल — ती तापून फुटते, तिथून हवा निघून जाते, दाब उतरला की झडप उघडते आणि पाणी धावत येतं. पण आधी हवा बाहेर, मगच पाणी आत. पाइप जेवढा लांब तेवढी हवा जास्त, तेवढा वेळ जास्त. हे तुम्ही कॉलेजात शिकलात, मी मान वर करून शिकले. चौथी झालीय माझी. हे पाइप तुम्हाला सरळ दिसतात ना? सरळ नाहीत. सगळे जरा जरा उतरते आहेत, ओल सुटली तर सखल जागी यावी म्हणून, आणि त्या सखल जागी ही दोन तोट्यांमधली डब्याएवढी नळी. आधी वरची तोटी बंद, मग खालची उघडायची, तांब्याभर गंजकं पाणी निघतं, मग खालची बंद, मग वरची उघडायची. दोन्ही एकदम उघडल्या की हवा निघून जाणार आणि पाणी सगळीकडे. अकरा नळ्या आहेत अशा. दर सोमवारी अकरा. एकदाही चुकले नाही, विचारा कोणालाही.

मंगळवारचं काय विचारायचंय? सांगितलं की सगळं. पॅकिंगच्या टेबलावर प्लास्टिक आवळायची गरम मशीन असते, तिची वायर तापली, प्लास्टिकने पेट घेतला, प्लास्टिकाखालच्या गादीने घेतला. कुपी फुटली, हवा सुटली, पाणी आलं, आग विझली. लगेच. लगेच म्हणजे लगेच, आता लगेचचे काय तुकडे करून देऊ? वहीत आहे ना, साठ सेकंदांच्या आत पाणी यायला पाहिजे, अठ्ठावन्न लागतात. तुमच्याच कायद्याचे साठ. ज्या दिवशी तपासणी असते त्या दिवशी आकडा माझ्या तोंडून निघतो आणि सुपरवायझर वहीत लिहितो — आम्ही त्याला आपसांत रबर म्हणतो, मालकाने ओढला की तिकडे, तुमच्यासारखं कोणी आलं की इकडे, पण तुटत मात्र नाही — तर रबर लिहितो आणि खाली तुमची सही होते. मग आज नव्याने काय उकरताय?

जिचे हात भाजले ती माझी धाकटी जाऊ. हो, मीच लावलं तिला इथे. दीर गेला, पदरात दोन लेकरं, मी रबरच्या मागे लागून लागून तिला या मागच्या खोलीत टेबल मिळवून दिलं. चार वर्षांपूर्वी ही खोली नव्हतीच, इथे मोकळं अंगण होतं, गाद्या वाढल्या म्हणून भिंती घातल्या आणि तेच पाइप पुढे ओढून आणले. नऊ बायका बसतात इथे. बसायच्या. आता तुम्ही काय ते लिहाल त्यावर आहे — खोली चालू राहिली तर नऊ जणींचं पोट, बंद झाली तर नऊ जणी घरी. सकाळी रबरने हेच ऐकवलं मला. म्हणाला, बाई, आजही अठ्ठावन्न. मी म्हटलं, मला माहीत आहे माझं काम.

मी कुठे होते म्हणजे? इथेच होते की, टेबलाखाली झाडत होते. वास आला, मान वर केली तर टेबलाच्या कडेला हे एवढं पेटलेलं. वर कुपी टिक करून फुटली, हवा सुटली — भोंग्यासारखी ओरडते ती, कान बंद करावे लागतात — आणि मी बादली उचलली आणि मागच्या दाराने नळावर. त्या नळाला धार करंगळीएवढी, तो काही लवकर भरू देतो का, मी शिव्या घालतेय त्याला, भरली एकदाची, घेऊन आत आले तर धाकटी पेटलेली गादी दोन्ही हातांनी ओढत दाराकडे येतेय, कारण तिच्या मागे थप्पी होती, छपरापर्यंत, ती पेटली असती तर नऊच्या नऊ आत राहिल्या असत्या. मी बादली ओतली तिच्या हातांवर, आणि तेव्हा वर पाइपात खडखड झालं, आधी काळं पाणी, गंजाचं, मग —

काय लिहिताय? बादलीचं कशाला लिहिताय? बादलीशी काय देणंघेणं तुमच्या पाइपाचं? नळ कुठे आहे तो बघा जाऊन, दाराबाहेरच आहे, चार पावलांवर. आणि तो जोरात येतो कधी कधी. घड्याळ काढू नका. बादली भरून बघायची नाही. अहो मॅडम, इथे माणूस जळत होतं, मी काय बादली पूर्ण भरली का अर्धी भरली ते बघत बसले होते?

बाकीच्या? बाकीच्या उभ्या होत्या. भिंतीला पाठ लावून. मोजत होत्या. धाकटीच मोठ्याने मोजत होती आणि बाकीच्या तिच्यामागे, शाळेत पाढे म्हणतात तशा. कारण तिला मी घरी सांगितलं होतं, पहिल्या दिवशी कामावर यायच्या आधी, ती घाबरत होती ना एवढ्या गाद्यांना, म्हणून सांगितलं — घाबरायचं नाही, आग लागली तर पळापळ करून एकमेकींच्या पायात यायचं नाही, साठ मोजायचे, साठच्या आत पाणी येतं. मी स्वतः मोजते, वहीत लिहिलेलं आहे. तिने बाकीच्या आठ जणींना शिकवलं ते. मी दाराबाहेर पडले तेव्हा ती दहावर होती.

मग मी का नाही उभी राहिले — हे विचारताय. बघा ना कशा बघताय माझ्याकडे. सगळ्या मोजत उभ्या आणि मोजणारी एकटी बादली घेऊन पळाली, असंच ना? हुशार आहात. जन्माला आल्यापासून हुशार असाल. तुमचा काय संबंध मी का पळाले त्याच्याशी, सवय असते माणसाला, पाणी दिसलं की बादली लावायची, आग दिसली की —

मला माहीत होतं म्हणून पळाले. झालं समाधान?

लिहू नका आता. ठेवा ते पेन, नाहीतर मी एक शब्द बोलणार नाही. ही खोली नव्हती तेव्हा मी मोजायचे ते एक्केचाळीस यायचं. दर वेळी एक्केचाळीस, फार तर बेचाळीस. मला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू — माझ्या तोंडचा आकडा शिकलेली माणसं लिहून घेतात. मग खोली झाली. मी इथे येऊन तोटी उघडली, मोजायला लागले, एक्केचाळीस झाले, पन्नास झाले, साठ झाले, हवा आपली सुटतेच आहे, सत्तर, ऐंशी, मला वाटलं पुढे झडपच अडकली, आणि एक्क्याण्णवला पाणी आलं. ओरडले मी, एक्क्याण्णव. रबरने वही मिटली. दोन दिवसांनी पाइप कोरडे झाल्यावर पुन्हा हवा भरली आणि माझ्याजवळ येऊन म्हणाला, बाई, तू फार घाईत मोजतेस, जरा सावकाश मोज, घाईत मोजलंस तर ही खोली बंद होईल आणि तुझी जाऊ पुढच्या सोमवारपासून यायचीय ना इथे? त्याच्या मनगटावर घड्याळ होतं. बाही खाली ओढून बोलत होता. मी सावकाश मोजलं. एकेका आकड्यावर श्वास घेतला. अठ्ठावन्न. त्यानंतर त्याला सांगावं लागलं नाही, माझी जीभच तशी वळली. एवढंच. कोणाचं काही चोरलं नाही मी. आणि तुम्ही काय करत होतात तेव्हा? नकाशावर रेघ ओढायला किती लागतं, इथून तिथे ओढली की झाली खोली, पण त्या रेघेत हवा किती मावते ते कोण मोजणार होतं, मी? ते तुमचं काम होतं. अठ्ठावन्न म्हटलं तर मान हलवली आणि सही ठोकली. तुम्हीच —

हे काय? मला वाचता येतं, द्या इकडे.

हे तुम्ही पाठवलेलं? चार वर्षांपूर्वी? वेगळी झडप द्या, नव्या खोलीला. पाणी वेळेत पोचणार नाही. हा आकडा काय — ब्याण्णव. कागदावर बसून काढलात? इथे न येता? ब्याण्णव.

माझे एक्क्याण्णव होते.

मग? मग काय झालं त्या पत्राचं? उत्तर आलं असेल. रबरचं. प्रत्यक्ष मोजलं, अठ्ठावन्न आले, वही सोबत जोडली आहे. आणि तुम्ही मानलंत. तुमचं गणित बरोबर होतं, पान भरून मांडलेलं होतं, आणि तुम्ही म्हणालात आपलंच चुकलं असेल, तिथे प्रत्यक्ष मोजलंय ना कोणीतरी. कोणी मोजलं ते विचारावंसं नाही वाटलं? घड्याळ होतं का तिच्या हातात ते नाही विचारलंत? चौथी शिकलेल्या झाडूवालीच्या तोंडचं तुम्ही मानलंत आणि स्वतःचं खोडलंत. आयुष्यात माझं कोणी काही मानलं नाही, सासरी नाही, माहेरी नाही, आणि नेमकं तेवढंच मानलं.

रडू नका इथे. रडायचं तर पुढे जाऊन खुर्चीवर बसून रडा, चहा गार होतोय.

काल दवाखान्यात गेले होते. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या, प्लास्टिक वितळून तळव्यांना चिकटलं होतं ते काढलंय, मी तिला चमच्याने भरवत होते. नर्स गेल्यावर मला म्हणते, ताई, माझंच चुकलं. मी म्हटलं काय चुकलं? म्हणते, मी घाईत मोजलं असणार. साठ झाले आणि पाणी आलं नाही, मला वाटलं आता येतच नाही, म्हणून गादी ओढली. घाबरून भराभरा मोजलं मी, नीट मोजलं असतं तर साठच्या आत आलं असतं ना ताई? तुम्ही नेहमी मोजता तसं. मी तिच्या तोंडात आणखी एक चमचा घातला. काय करणार होते दुसरं. हो म्हटलं मी तिला. कळलं? हो म्हटलं — घाईत मोजलं असशील.

तिने नीट मोजलं होतं, पोरी. तिने एकटीने नीट मोजलं.

कुठे निघालीस? पुढे जायचं नाही आता. तो हाका मारतोय तर मारू दे, त्याची खुर्ची त्यालाच लखलाभ. इथे ये. अशी नाही, या काळ्या डागावर, इथे तिचं टेबल होतं. भिंतीला पाठ लाव. घड्याळ काढ आता. बाहीबाहेर. मी उघडते तोटी. मी मोजणार नाही — माझ्या तोंडून आज आकडा निघणार नाही, तुझ्या घड्याळात येईल तो लिही, आणि त्याच्याखाली माझं नाव घाल, मी सही करते, येते मला. खोली बंद होऊ दे. नऊ जणींच्या शिव्या मी खाईन, तू नको.

आणि साठ झाले की काही बोलू नकोस. मान हलवू नकोस, माझ्याकडे बघू नकोस. साठनंतर पाणी येईपर्यंत नुसती उभी राहा. ती उभी होती तेवढ्या जागेत.

उघडली.