झीलची जागा

— नाई जी, बटन नोका दाबू. टेप बिघडला नाई, सेल बी नवेच हायेत. ऐका पुरं. मीच हाओ तो, शाहीर तुलाराम. डब्बीवरचा फोटो पाहा ना — फेटा जरा जास्तच लाल छापला तेनं. नागपूरले जाऊन भरली ही कॅसेट, एकट्यानं. आसगावच्या गाडीले टाइम हाय अजून, बसा. चहा सांगू? नाई? बरं.

तुमी आसगावचे, म्हणजे आमची खडी गंमत, रातभरचा तमाशा, पाह्यलीच असंन. दिवाळीमांगची मंडईची जत्रा असली का आमचीच पार्टी — समोर मी, मांगं तुमच्या आसगावचा गोपीचंद झील ओढाले. मी ओळ सोडली का तो उचले, वर नेऊन परत माह्या हातात देये. पंधरा सालं. अन मंग मी पार्टी सोडली. काहून? सारे हेच इचारतेत, काहून. अजी, छयाऐंशीच्या मंडईत एक बुढी उठली अन म्हणे, बापू, तुह्यापेक्षा तुह्या मांगचाच गोड गाते. सारी पार्टी हासली. गोपीचंद नाई हासला. तेच लागलं मले — हासला असता तं झगडा करता आला असता. मी म्हटलं, राहा तुमी, मी आपली कॅसेट काढतो, तुमच्या झीलबिगर.

काढली. अन लोक वापस आनाले लागले. म्हणत, शाहीर, बीचमंधीच आवाज जाते. घरी लावून पाह्यली तं — हे, आता ऐका, ओळ सरली, अन — पाह्यलं? काहीच नाई. मी दर ओळीमांगं थांबलो जी. नागपूरचा ढोलकीवाला, तेले गंमतीतलं काय समजते, मी थांबलो का तोही थांबे. मशीनवाल्याले वाटलं, शाहीर दम घेऊन राहिला. दम कायचा? आदत हाय, दुसरं काय. साऱ्या वापस आल्या. आसगावले एकच गेली होती, ते नाई आली. फेकली असंन कोनं.

म्हणून म्हटलं, तुमी जाऊनच राहिले तं ही द्या गोपीचंदले. माफी मांगतो असं नाई हां. मांगाचं काय हाय तेच्यात? सांगू बी नोका काही. लावली का समजंन तेले. दोन महिने झाले, रोज स्टँडवर येतो, आसगावचं मानूस पाहात. घरी जीवच लागत नाई.

काय म्हणता? पयलेच ऐकली? कुठं — गोपीचंदच्या वसरीतून? रोज? अन तिथं आवाज जात नाई, म्हणून तुमी बटन दाबलं?... दोघंही गातेत म्हणता, मी थांबलो का तो. तुमाले वाटलं, मी तिथंच राहून राहिलो.

गाडी लागली तुमची. टेप राहू द्या, मी घेतो. तुमी जा, गर्दी हाय. खिडकीतून दुपट्टा टाकजा — दोन जागा धरजा.