हौसाने घुबडाला मारलेली गारगोटी

घुबडाला दगड मारायचा नाही, हे तुम्हालाही लहानपणी सांगितलं असेलच. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मी जामखेडकडच्या एका गावात शिकवत होते. माझ्या वर्गातल्या हौसाने घुबडाला गारगोटी मारली आणि दोन दिवस अन्नाला शिवली नाही. घुबड तो दगड उचलून घासत बसतं, आणि दगड झिजेल तसा मारणाराही झिजतो, अशी तिकडे समजूत.

"बाई, मी आता झिजनार," ती रडत म्हणाली.

"अगं, घुबड उंदीर खातं. त्याला दगड कशाला हवाय?"

"तुमी बघितलंय व्हय?"

बघितलं नव्हतं, हे खरं. मग सगळा वर्गच घेऊन त्या घुबडाच्या चिंचेखाली गेले. खाली करड्या, केसाळ गोळ्या पडल्या होत्या. घुबड उंदीर सबंध गिळतं आणि न पचलेली हाडं, केस गोळी करून तोंडातून टाकतं. मुलं काड्यांनी गोळ्या फोडून उंदरांचे दात शोधू लागली. तेवढ्यात हौसा ओरडली, "बाई, माझी गारगोटी! जशीच्या तशी हाय!"

तिथेच बसून तिने माझ्या डब्यातल्या दोन्ही भाकरी संपवल्या. मला फार बरं वाटलं.

चार दिवसांनी तिची आई शाळेत आली.

"बाई, पोरगी जेवाया लागली, लई उपकार झाले. पर कारलं वाढलं की चावून त्याची गोळी करती, ताटाबाहेर टाकती अन् म्हनती, बाईंनीच शिकवलंय!"