रजेच्या दिवसाचा रिपोर्ट

दवाखान्यात नंबर येईस्तोवर वह्या तपासून होतील म्हणून शिक्षिकेने गठ्ठा मांडीवर घेतला होता. पण पुढच्याच बाकावर, नखांत शाई मुरलेला छापखान्याचा फोरमन आणि त्याची बायको बोलत होती.

“बघ, ठोक्यांचा रिपोर्ट स्वच्छ आहे. उगाच जीव खाल्लास माझा.”

“ते यंत्र चोवीस तास छातीला बांधलं, तेव्हा तुम्ही कुठे होता?”

“घरी. वायरी लोंबकळत मशिनपाशी कसा जाणार? रजा टाकली.”

“किती वर्षांनी?”

“नऊ.”

“आणि दिवसभर काय केलंत?”

“झोपलो. तूच उठवलं नाहीस.”

“मग हा झोपलेल्या माणसाचा रिपोर्ट झाला. रोज कामावर जातो, त्याचा कुठाय?”

“त्याला कुठला वेळ,” म्हणत फोरमन घड्याळ बघून उठला.