कच्ची गाडी

रोह्याच्या स्टँडवर पेणच्या एसटीची रांग. माझ्यापुढे पेणचे गणपती कारखानदार काळुराम. त्यांची लेक नम्रता गाड्यांच्या शोरूममधून नुकतीच आली होती.

"काय गो, निळ्या गाडीत पिवळ्या सीट देतायत?"

"नाय. कंपनीत सीटचा साठाच नसतो, बाबा. गाडी जोडायला घेतली की लागतील तेवढ्याच बाहेरून येतात. म्हणून ठरलेलेच रंग."

"आपण कच्च्या, बिनरंगाच्या मूर्ती माळ्यावर ठेवतो. गिऱ्हाईक सांगेल तो रंग."

"त्यांच्याकडं माळा नाय."

"मग कच्चीच द्या म्हणायचं. मी रंगवली असती."

"म्हटलं मी."

"हसले असतील."

"हसले. मग मॅनेजरनं तुमचा नंबर घेतला. त्याला मोरपिशी शेल्याचा गणपती हवाय, कुठं मिळत नाय."

"तू काय सांगितलंस?"

"या म्हटलं. आमच्याकडं माळा हाय."