प्रीतमजींचं प्रोत्साहन

...अन् वरून मलेच म्हनतात, सुशीलभाऊ, तुमी ॲडमिन आहा, तुमीच पाहा! अरे काय पाहू? कापड असतं त पाहिलं असतं. गांधीबागेत जिंदगी गेली आपली, बोटानं चाचपून सांगतो सूत किती अन् भेसळ किती. पन मानसाच्या आवाजातली भेसळ आपल्याले कशी समजन? तुमाले सांगतो, काहीबी व्हा, सोसायटीचे सेक्रेटरी व्हा, लग्नात रुसून बसनारे मामाजी व्हा, पन ऑनलाईन ग्रुपचे ॲडमिन होऊ नका!

आता ग्रुप कशाचा, ते ऐका. ज्या पोरापोरींले डोळ्यानं दिसत नाही, त्यांची कॉलेजची पुस्तकं आमी घरी बसून मोबाईलवर वाचतो, रेकॉर्ड करतो अन् ग्रुपवर टाकतो. फुकट, सेवा म्हनून. वाचनारेबी त्याच ग्रुपवर, ऐकनारी पोरंबी त्याच ग्रुपवर, बहुतेकांनी एकमेकाचं तोंड पाहिलं नाही, सारा कारभार आवाजावर. मोबाईल सोताच वाचून दाखवते म्हना, पन त्या मशीनची मराठी ऐकली का तुमी? राज्यशास्त्र असं वाचते का जशी बसस्टँडवर गाडी लागून राहिली! म्हनून आमचा पहिल्यापासून रिवाज... ग्रुपवर काही लंबं लिहून टाकलं, का ते कोनीतरी वाचूनबी टाकाचं. अन् वाचाचा नंबर लागते. ज्याचा नंबर त्यानं वाचाचं, वशिला नाही, लहान-मोठा नाही. ही माहीच आयडिया, दुकानातून आनली. मले ॲडमिन काहून केलं, माहीत आहे? माह्या मोबाईलमध्ये जागा लय होती. दुसरं क्वालिफिकेशन नाही.

त एक दिवस दुपारी मी गिऱ्हाइकाले परकराचं कापड फाडून देऊन राहिलो, अन् मोबाईलवर आलं, दामिनी ग्रुपमधून बाहेर. दामिनी म्हंजे आमची एक नंबर वाचनारी. रामदासपेठेत पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, दिवसभर लोकांचं रक्त काढते अन् घरी जाऊन अर्थशास्त्र वाचते. सक्करदऱ्याची रोशनी, बी. ए.च्या शेवटच्या वर्षाले आहे, तिच्यासाठी ते पुस्तक. अर्धं झालं होतं, अर्धं बाकी, परीक्षा डोक्यावर. मले वाटलं, पोरीचं बोट चुकून लागलं असन. मी तिले परत जोडलं. ती परत बाहेर. मी परत जोडलं! म्हनलं, मोबाईल खराब आहे बिचारीचा. मंग तिचा फोन आला. म्हने, "काका, मले जोडू नका. बोट चुकलं नाही, मी समजूनच बाहेर पडली."

काहून वं बाई, झालं काय? त नाव निघालं प्रीतमजीचं.

प्रीतमजी म्हंजे नागपुरातले मोठे सूत्रसंचालक. लग्न असो, रिटायरमेंट असो, माईक त्यांच्याच हातात. आवाज असा का हॉलमधले पंखेबी हळू फिरतात. आमच्या ग्रुपले चांगला माईक त्यांनीच भेट दिला, हारबीर घालून फोटो काढला आमी, अन् एक नंबर वाचनारी म्हनून तो माईक दामिनीपाशी ठेवला. अन् हे प्रीतमजी काय करत होते? दामिनीले खासगीत आवाजी मेसेज धाडत होते. तिनं मले ऐकवले. मराठी मानूस, पन बाईमानसाशी बोलाले लागला का हिंदीत शिरते! "दामिनीजी... वो आपने जो पढ़ा... 'घटत्या सीमांत उपयोगितेचा सिद्धांत'... हाय... एक बार और पढ़िए ना... सिर्फ मेरे लिए..."

आता सांगा! सीमांत उपयोगिता! त्या सिद्धांतावर आजपर्यंत कोनी हाय म्हनलं असन का? मले हसू आलं, खोटं नाही सांगत. पन मंग ती पुढचं बोलली. तिनं दोनदा सांगितलं होतं का सर, असे मेसेज करू नका. तरी सुरूच. मंग हे लॅबमध्ये जाऊन बसले. रिपोर्ट नाही, तपासनी नाही, नुसते खुर्चीवर बसून तिच्याकडे पाहून हसून राहिले. दामिनी म्हने, "काका, पुस्तक मी रोशनीसाठी वाचते. पन आता माईक सुरू केला का वाटते, ऐकून राहिला तो. माह्या तोंडून शब्दच निघत नाही."

माह्यं हसू गेलं ना. लाज वाटली मले, सरळ सांगतो. आपन हार घातले त्या मानसाले.

पन आपन कोन? नागपूरचे! आपल्या इथं भांडन झालं का पहिले तर्री-पोहे. मी प्रीतमजीले बोलावलं, डबल तर्री मारली, अन् लय गोडीत विषय काढला. त्यांनी रुमालानं मिशी पुसली अन् म्हनले, "सुशीलभाऊ, गैरसमज आहे. मी तर नवोदित वाचकांना... प्रोत्साहन... देऊन राहिलो." प्रोत्साहन! असं म्हनले का मलेच वाटलं, सत्कार चालू आहे. मी दोन प्लेटचे पैसे देऊन घरी आलो अन् गोपिकाले सांगितलं, मिटलं गा... म्हंजे मिटलं वं. तुमाले सांगतो, ॲडमिन झालं का मानसाले बायको अन् भाऊ यांतला फरक समजत नाही!

गोपिका पोळ्या लाटून राहिली होती. लाटनं न थांबवता म्हने, "प्रोत्साहन काय? मंग तुमाले काहून नाही देत तो? तुमीबी त वाचता."

बरोबर होतं ना तिचं! मी सारा इतिहासाचा भाग वाचला त्या ग्रुपवर, अश्मयुगापासून वाचला, मले कोनी हाय नाही म्हनलं. दुसऱ्या दिवशी एकेका गड्याले फोन लावला. रोहितले विचारलं, काहून गा, प्रीतमजींनी तुले कधी प्रोत्साहन दिलं? म्हने, एकदा मेसेज आला होता, मागे कुकर वाजून राहिला म्हनून. पियुषले विचारलं, त्याले तेवढाबी नाही. अन् बायांले विचारलं त एकामागून एक... हिलेबी, तिलेबी. एकीनं नवऱ्याले माहीत होईन म्हनून सांगितलं नाही, एकीनं मानूस मोठा आहे म्हनून. साऱ्या गुपचूप सोसून राहिल्या, अन् मी ॲडमिन रोज सकाळी त्यांले सुप्रभात घालून राहिलो!

मंग ठरलं, नियम करा लागते. ऑनलाईन मीटिंग बोलावली. बाप्पा, मीटिंग होती का गुजरीचा बाजार! एक काका म्हने, साऱ्यांनी एकमेकांले ताई-दादा म्हनाचं, प्रश्न मिटला. एक म्हने, बायांनी प्रोफाईलवर फुलाचा फोटो लावाचा. एक म्हने, हे सारं ठीक आहे, पन पहिले सुप्रभातच्या मेसेजवर बंदी आना. एकाचा माईक बंदच नाही, त्याच्या घरी भाजीवाल्याशी घासाघीस चालू, त्याच्यात अर्धा ठराव वाहून गेला. शेवटी मयुरा बोलली. ती वकील आहे, आमच्यासाठी समाजशास्त्र वाचते. म्हने, "बायांनी काय करावं हे राहू द्या. ज्यानं केलं त्याचं काय, ते लिहू." अन् लिहिलंच तिनं. खासगीत मेसेज करायचा त फक्त पुस्तकाबद्दल, आवाजाबद्दल अन् रूपाबद्दल नाही. नको म्हनलं का थांबाचं. तक्रार एकट्या ॲडमिनकडे नाही, तिघांच्या समितीकडे, त्याच्यात दोन बाया. अन् तक्रार खरी निघाली त मानूस बाहेर, मंग तो कितीबी मोठा असो अन् त्यानं ग्रुपले काहीबी दिलं असो. समिती रविवारी दामिनीचं ऐकीन. झालं. मले वाटलं, सुटलो.

सुटतो कशाचा? नियम लंबे होते ना! म्हंजे रिवाजानं कोनीतरी वाचून टाकाले पाहिजे. अन् नंबर कोनाचा लागला?

तुमी समजले.

मयुराचा फोन, काका, त्यांचा नंबर सोडा. आता मी काय करू? सकाळी नियम केले अन् दुपारी नंबर तोडू? कोनत्या तोंडानं? मी म्हनलं, प्रीतमजी नाहीच म्हनतीन, मानसाले थोडी त लाज वाटन. लाज! दुपारपर्यंत रेकॉर्डिंग हजर. खाली बासरी लावली होती, बासरी! "सुस्वागतम्... कोणत्याही... महिला सदस्येच्या... आवाजाची... खासगीत... प्रशंसा... करू नये." इतक्या प्रेमानं वाचलं का ज्याले करायची नव्हती त्यालेबी करावीशी वाटावी. चारचौघांनी ग्रुपवर हात जोडले, एकानं टाळ्या टाकल्या. काय माती खाता लेकहो, कोनाले टाळ्या वाजवता!

आला रविवार. दामिनी आली मीटिंगमध्ये. तिनं सारं सांगितलं, मेसेज ऐकवले, लॅबचं सांगितलं. प्रीतमजी शांतपणे ऐकून राहिले, अन् घसा साफ करून म्हनले, "आदरणीय समिती. नियम नवीन आहेत. माझे मेसेज जुने आहेत. नियम मागच्या तारखेपासून लावता येत नाही." पाहा! मी मनात म्हनलं, गेलं, सुटला हा.

मयुरा म्हने, "बरोबर. जुने राहू द्या. नियम वाचून झाल्यावर पाच मिनिटांनी मले जो मेसेज केला, तो ऐकू." अन् लावला तिनं. "मयुराजी... शब्द आपके... आवाज हमारी... क्या जोड़ी बनी है..."

अन् या खेपेले झाकाले खाली बासरीबी नव्हती.

ग्रुपमधून काढाचं बटन कोनी दाबाचं? ॲडमिननं! मनात आलं, म्हाताऱ्या मानसाची इज्जत आहे, उद्या लग्नाबिग्नात भेटन. पन दामिनी तथी, स्क्रीनवर, बसली होती, माह्याकडे पाहून राहिली होती. दाबलं. लगेच प्रीतमजीचा मले मेसेज, माईक परत द्या. म्हनलं, घेऊन जा बाप्पा, हारासकट घेऊन जा.

त्याच आठवड्यात दामिनी परत आली, बिनामाईकची, साध्या मोबाईलवर वाचून राहिली. पुस्तक परीक्षेच्या आधी पूर्ण झालं. मी रोशनीले म्हनलं, पोरी, मोठा माईक गेला, आवाज तेवढा भारी येत नसन. ती हसत सुटली. म्हने, "काका, आमी सारे जन दुप्पट स्पीडनं ऐकतो, एवढा टाईम कोनापाशी आहे? प्रीतम सर त आमाले पहिल्यापासून चिमनीसारखे ऐकू येत होते." तुमाले सांगतो, हे त्या मानसाले सांगाची माही लय इच्छा आहे, पन नियमात बसते का नाही, मयुराले विचारा लागन.

अन् राहिलं काय? नियम परत रेकॉर्ड करने. ती बासरी कोन ठेवन? पुढचा नंबर माह्या. गोपिकानं कुकर बंद ठेवला, दुकानातून लवकर आलो, गरम पानी पिलो, अन् असे वाचले साहेब, असे वाचले, अश्मयुगबी असं वाचलं नव्हतं. ग्रुपवर टाकलं. वाट पाहून राहिलो. कोनाचाच काही मेसेज नाही. मंग रोशनीचा आला, खासगीत. "काका, नियम ऐकले, सारे समजले. आवाजाबद्दल काही सांगत नाही, नियम आहे ना."

म्हंजे इतक्या वर्षांत कोनी तारीफ केली नव्हती, ते ठीक होतं, आता त बंदीच आली!