रडक्या चेहऱ्याचा डबा

चार वर्षांच्या पोरांमध्ये कोण कुणाला आवडतं ते कसं मोजतेस, असं विचारता ना, मग धसईजवळच्या अंगणवाडीत काय झालं ते ऐका.

माझ्या अभ्यासासाठी मी तिथल्या मुलांना एकमेकांचे फोटो दिले होते. ज्याच्याशी खेळायला आवडतं त्याचा फोटो हसऱ्या चेहऱ्याच्या डब्यात टाकायचा, नाही आवडत त्याचा रडक्या चेहऱ्याच्या. त्यांच्यातल्या सोनीची आई दारात उभी होती. सोनी इथं रमली तर तिला आजीकडे ठेवून ती वीटभट्टीवर जाणार होती, नाहीतर लेकीलाही सोबत नेणार होती.

एकामागून एक सगळ्यांनी सोनीचा फोटो रडक्या डब्यात टाकला.

ओट्यावर गावातले आप्पा बसले होते, कुणी न बोलावता. लगेच म्हणाले, "मी सांगत व्हतो ना? भट्टीवरच्या पोरीशी कोन खेळनार?"

"आप्पा, तुम्ही जरा गप्प बसता का?" मी म्हटलं. पण सोनीची आई तिचा हात धरून निघालीच होती.

मी घाईघाईनं गोप्याला विचारलं, "सोनी नाय आवडत तुला?"

"आवडते ना."

"मग या डब्यात का टाकलीस?"

"तो रडतोय ना. कोनी रडला का सोनीच जाते त्याच्याकडं, गप करायला."

बाकीच्या पोरांनीही माना डोलावल्या. गोप्याचे पाय धरावेसे वाटले मला.

सोनीची आई थांबली. तिनं आप्पांना विचारलं नाही, मलाही नाही. गोप्यासमोर उकिडवी बसली आणि म्हणाली, "मंग ठेवू ना रे हिला इथं?"

"ठेव की," गोप्या म्हणाला.